तात्पुरता तक्ता



तात्पुरते म्हणजे काय, हे कुणी कुणाला विचारीत नाही. ते सर्वांना ठाऊकच असते! पण डेटाबेसमधील तात्पुरत्या तक्त्याविषयी बोलताना एक प्रश्न टाळता येत नाही. तात्पुरते काय, तक्ता की त्यातील मजकूर?

डेटाबेसशी बोलावयाची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्या १९९२ च्या प्रमाण आवृत्तीने दिलेले उत्तर असे की, मजकूर तात्पुरता, आखणी कायमची. कचेरीच्या कपाटात छापील कोरे नमुने असतात. प्रत्येक कारकून आपली प्रत घेतो, कच्चा हिशेब मांडतो आणि फाडून टाकतो. छापील नमुना मात्र कपाटात राहतोच, आणि एकाचे आकडे दुसऱ्याला दिसत नाहीत. येथे कारकुनाच्या जागी आहे ‘सेशन’, म्हणजे एका वापरणाऱ्याची डेटाबेसशी जोडणी झाल्यापासून ती सुटेपर्यंतचा काळ.

प्रमाणात ‘ग्लोबल’ आणि ‘लोकल’ असे भेद आहेत. ग्लोबल म्हटले की सारे जग डोळ्यांपुढे येते. येथे त्याची धाव एका सेशनच्या कुंपणापर्यंतच! त्या सेशनमधील सर्व मोड्यूलांना, म्हणजे कार्यक्रमाच्या भागांना, तोच मजकूर दिसतो. लोकल तक्त्याचा मजकूर मात्र प्रत्येक मोड्यूलचा वेगळा. मोड्यूलच्या आतच जाहीर केलेला तिसरा प्रकारही आहे, पण तो आपण सोडून देऊ.

आता व्यवहार पाहा. ओरॅकलचा ग्लोबल तक्ता प्रमाणाला बराच धरून आहे. पोस्टग्रेसमध्ये सेशन संपताच मजकुराबरोबर आखणीही जाते, आणि ग्लोबल-लोकल हे शब्द लिहिले काय, न लिहिले काय, फरक नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ग्लोबल तात्पुरता तक्ता इतर सेशनांनाही दिसतो. प्रमाणावर विसंबून त्यात कुणी पगाराचे आकडे ठेवले, तर ते शेजाऱ्याने वाचलेच म्हणून समजा.

याहून फसवी गोष्ट ‘कमिट’ची. व्यवहार पक्का करणे म्हणजे कमिट. काहीच सांगितले नसेल तर प्रमाणाप्रमाणे त्या क्षणी तक्ता रिकामा होतो. पोस्टग्रेसमध्ये मात्र ओळी राहतात. पोस्टग्रेसवर बरोबर चाललेला हिशेब ओरॅकलवर नेला की पुढच्या पायरीला तक्ता कोरा सापडतो. यंत्र तक्रार करीत नाही. कोऱ्या तक्त्याची बेरीज करून मोकळे होते. म्हणून ओळी ठेवावयाच्या असल्यास ‘ऑन कमिट प्रिझर्व्ह रोज’ आणि पुसावयाच्या असल्यास ‘ऑन कमिट डिलीट रोज’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. ते दोन्हीकडे चालतात.