रात्री दचकून जाग येते, छाती धडधडते? आधी झोप ‘आणायचा’ प्रयत्न थांबवा

रात्रीचा एक वाजलाय. तुम्ही गाढ झोपेत होतात आणि अचानक दचकून उठलात. छाती धडधडतेय, घाम फुटलाय, श्वास पुरत नाहीये आणि डोक्यात एकच प्रश्न : हा अटॅक तर नाही ना? वाईट स्वप्न पडलं म्हणावं, तर स्वप्नही आठवत नाही.

याला नॉक्टर्नल पॅनिक अटॅक म्हणतात. ज्यांना पॅनिकचा त्रास आहे, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या लोकांना तो कधी ना कधी झोपेतही येतो.

स्वप्न नव्हतं, मग घाबरलो कशाला?

आपली बरीचशी स्वप्नं पहाटेकडच्या झोपेत पडतात. हा झटका मात्र बहुतेकदा झोप लागल्यापासून पहिल्या तीनेक तासांत, हलक्या झोपेतून गाढ झोपेत जाताना येतो. शरीराचा धोक्याचा भोंगा कारण नसताना वाजतो, इतकंच. साधारण दहा मिनिटांत तो टिपेला पोहोचतो आणि मग ओसरतो.

खरी गडबड दुसऱ्या रात्रीपासून सुरू होते. ‘आज परत होईल का?’ या धास्तीने माणूस नऊलाच अंथरुणावर पडतो, कूस बदलत राहतो, घड्याळ बघतो, रील्स बघतो. हळूहळू मेंदूच्या लेखी अंथरूण म्हणजे घाबरायची जागा होऊन बसते. झोप कमी पडली की तो भोंगा आणखी हळवा होतो. म्हणजे पुन्हा झटका, पुन्हा धास्ती.

पण हार्ट अटॅक असला तर?

हे स्वतःच ठरवू नका. असा त्रास पहिल्यांदाच झाला असेल, छातीवर दाब येत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, बीपी-शुगर असेल, तर १०८ ला फोन करा आणि हॉस्पिटल गाठा. ईसीजी नॉर्मल निघाला तर कुणी हसणार नाही, आणि हसलं तरी हसू द्या. घोरणं मोठं असेल आणि गुदमरून जाग येत असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. त्याची तपासणी वेगळी असते.

अंथरूण फक्त झोपेसाठी

रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एक साधी पद्धत मांडली. झोप आली तरच अंथरुणावर जायचं. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. (वन रूम किचन असेल तर किचनमधली खुर्चीही चालते.) घड्याळ बघायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठायचं.

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. पहिले काही दिवस दिवसभर पेंग येते, पण तीच पेंग पुढच्या रात्री कामी येते. आज निद्रानाशासाठी जी सीबीटी-आय नावाची उपचारपद्धती वापरतात, तिचा हा मोठा भाग आहे. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने झोपेच्या गोळ्यांच्या आधी सीबीटी-आय वापरून बघा, असं सांगितलं.

हे सातपूर-अंबडवाल्यांना कसं जमणार?

रास्त प्रश्न आहे. ‘रोज दहाला झोपा’ हा सल्ला नाशिकच्या एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्याला देणं म्हणजे थट्टाच. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड. अशा वेळी झोपेचे निदान काही तास तरी कायम ठेवायचे. समजा, सेकंड शिफ्टला तुम्ही दीड ते नऊ झोपता आणि फर्स्टला दहा ते पाच. यात रात्री दीड ते पहाटे पाच हे तास दोन्हीकडे सारखे आहेत. ते मोडू देऊ नका. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

नाईट करून सकाळी परतताना डोळ्यांवर गॉगल असू द्या, घरी जाड पडदा लावा. सकाळचा उजेड मेंदूला ‘उठ’ असंच सांगतो. (गाडी चालवताना पेंग येत असेल तर मात्र गॉगल नको, आधी गाडी बाजूला घ्या.)

आता चहा. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात. सेकंड शिफ्टमध्ये आठच्या सुमाराला घेतलेला चहा रात्री एकलाही अर्धा शिल्लक असतो. आणि कॅफिनने धडधड वाढते, जी पॅनिकवाल्याला नेमकी नको असते. दारूचंही तसंच. नाशिक वाईनचं शहर असलं तरी पेग हे झोपेचं औषध नाही. झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते आणि जाग येते ती धडधडतच.

झटका आलाच तर?

उठून बसा, पाय जमिनीला टेकवा. जोरजोरात मोठे श्वास घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि घाबरणं वाढतं. त्यापेक्षा नाकाने सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. ‘थांब, थांब’ म्हणत झटक्याशी झगडू नका, तो ओसरणार आहे. घरातल्यांनीही ‘काही नाही झालं, झोप’ म्हणण्यापेक्षा शेजारी शांत बसावं.

आणि बाहेर डीजे वाजत असेल तर दोष तुमच्या झोपेचा नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे, सरकारने सूट दिलेले सणाचे ठरावीक दिवस सोडून. तक्रारीसाठी ११२ आहे.

असे झटके वारंवार येत असतील किंवा त्या भीतीने झोपणंच टाळत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. रात्री दोन वाजता कुणाशी तरी बोलायचंच असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, चोवीस तास सुरू आणि मराठीत बोलता येतं.