संगणकाची झोंप

लॅपटॉपचें झांकण मिटलें, कीं यंत्र निजलें असें आपण समजतों. तरीही रात्रभर पिशवींत राहिलेला लॅपटॉप सकाळीं तापलेला व त्याची बॅटरी उतरलेली आढळते, हा अनुभव आमच्या कित्येक वाचकांस असेल. अशा वेळीं दोष बॅटरीचाच असतो असें नाहीं; पुष्कळदां आंतील एखादें उपकरण जागें राहिलेलें असतें.

प्रत्येक उपकरणामागें ड्रायव्हर नांवाचा एक प्रोग्राम असतो. कोणीं केव्हां निजावें हें ऑपरेटिंग सिस्टिम ठरविते. प्रत्यक्ष निजवितो तो ड्रायव्हर. ह्या दोघांनीं एकमेकांशीं कसें बोलावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. १९९६ सालीं इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्यांनीं एसीपीआय हें मानक प्रसिद्ध केलें. त्यांत उपकरणाच्या अवस्था, पूर्ण जागृतीपासून गाढ निद्रेपर्यंत, नांवानिशीं ठरल्या. परंतु विंडोज २०००च्या पद्धतींत विजेसंबंधींच्या विनंत्यांचा सारा गुंता ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्याच माथीं आला. पुढें मायक्रोसॉफ्टनेंच एक सामाईक चौकट तयार करून तो बराचसा भार उतरविला.

झांकण उघडें असतांनाही रिकामें उपकरण निजावें, ह्यासाठीं राफाएल विसोत्स्की ह्यांनीं २००९ सालीं लिनक्समध्यें जी योजना आणली, ती आम्हांस विशेष शहाणपणाची वाटते. काम हातीं घेतांना ड्रायव्हरनें मोजणी एकानें वाढवावी, काम संपतां उतरवावी. मोजणी शून्यावर आली, कीं पुढचा निर्णय वरील व्यवस्था घेते. उतरविण्याचा विसर पडला, तर मात्र तें उपकरण निजतच नाहीं, आणि वीज मुकाट्यानें खर्च होत राहते! क्रमही ठरलेला आहे: यूएसबी हबवर कळफलक असल्यास आधीं कळफलक निजतो, मग हब, उठतांना उलट. मुलें निजल्याशिवाय आई निजत नाहीं, आणि पहाटे तीच आधीं उठते, तसेंच हें.

खरी अडचण निराळीच. यंत्र निजण्याच्या नेमक्या क्षणीं फोन आला तर? गूगलनें अँड्रॉइडमध्यें ‘वेकलॉक’ नांवाचा अडसर घातला होता: काम चालू आहे तोंवर निजूं नये. तो मुख्य लिनक्समध्यें घ्यावा कीं नाहीं, ह्यावर कर्त्यामंडळींत दीर्घ वाद झाला. २०१० सालीं विसोत्स्की ह्यांनींच दुसरी वाट काढली. उठविणाऱ्या घटनांची संख्या आधीं वाचून ठेवावी. निजण्यापूर्वीं ती बदललेली आढळली, तर निजणें रद्द करावें. मात्र घटना घडल्याची वर्दी वेळेवर देणें, हें काम पुन्हां ड्रायव्हरकडेच राहिलें आहे.