शिफ्ट सुटल्यावरचा एक तास

अमेरिकेतलं ॲक्रन हे टायरचं गाव. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल तिथे रबराची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचा ताबा मिळवायला आला आणि हरला. दारू सोडून त्याला पाचच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत बार होता आणि टेलिफोनही. त्याने टेलिफोन गाठला आणि बोलण्यासाठी कुणी दारूच्या आहारी गेलेला माणूस भेटेल का, अशी धर्मगुरूंकडे चौकशी केली. दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. पंधरा मिनिटं बसतो म्हणालेले डॉक्टर काही तास बसले. डॉक्टरांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा. तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे एएचा स्थापना दिवस.

या गोष्टीतली एक बाब मला फार मोलाची वाटते. बिल डॉक्टरांना सुधारायला गेला नव्हता. आपण स्वतः पिऊ नये म्हणून त्याला त्यांची गरज होती. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये त्याने कितीतरी दारुड्यांना उपदेश केला होता. त्यातला एकही सुटला नाही, पण त्या खटपटीत तो स्वतः मात्र कोरडा राहिला. आकुर्डीतला एखादा कामगार आज बिचकत एएला फोन लावतो, तेव्हा पलीकडे बोलणारा सहसा असाच पूर्वी पिणारा माणूस असतो. तो उपकार करत नसतो, स्वतःचा आजचा दिवस सांभाळत असतो. म्हणून रात्री फोन करायला संकोच नको.

भारतात एए १९५७ पासून आहे. मुंबईत भायखळ्याला तिचं मुख्य सेवा कार्यालय आहे. पुणे परिसरात मराठी, हिंदी आणि इंग्रजी मीटिंगा होतात, बहुधा संध्याकाळी, शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये. वेळा आणि जागा बदलतात, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्यावं. नवख्याने ‘ओपन’ मीटिंग कोणती हेही विचारावं. तिथे नातेवाईक किंवा मित्र सोबत चालतो. ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. फी नाही, नोंदणी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही. शेवटी पिशवी फिरते, तीत सभासद जमेल ते टाकतात. बाहेरच्या देणग्या एए घेत नाही.

ओळखीचं कुणी दिसलं तर? कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारा, त्याच लाइनवरचा ऑपरेटर? ही भीती आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात खरी आहे. पण तो दिसला, तर तोही त्याच कारणाने आलेला असतो. आणि खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं, हा तिथला पहिला दंडक. तरी मन धजत नसेल तर चिंचवडची किंवा पुण्यातली मीटिंग गाठावी. लोकल आहेच.

शिफ्टचं गणित मात्र अवघड. सेकंड शिफ्ट लागली की संध्याकाळच्या मीटिंगा आठवडाभर बुडतात. इथल्या अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे बाटली उघडते बुधवारी संध्याकाळी. बुधवारची किंवा गुरुवारची मीटिंग सापडली तर ती सोडू नये. ज्या आठवड्यात जाणं होत नाही, त्या आठवड्यात स्पॉन्सरला, म्हणजे आपल्या आधी सावरलेल्या आणि आपला हात धरलेल्या सभासदाला, रोज एक फोन. कंत्राटी कामगाराला महिना-सव्वा महिना काम सोडून व्यसनमुक्ती केंद्रात राहणं परवडत नाही. त्याच्यासाठी संध्याकाळचा हा तास फार मोठा आहे.

एक गोष्ट मात्र आधी सांभाळायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात. क्वचित जीवही जातो. मीटिंग हे औषध नव्हे. आधी डॉक्टर, जसं पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, आणि मग मीटिंग. राहून उपचार हवे असतील तर येरवड्याचं मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तिथला उपचार ३५ दिवसांचा, पण घरी परतलेल्यांचा फॉलोअप त्यानंतरही चालतो. व्यसनमुक्तीसाठी सरकारी मोफत हेल्पलाइन आहे १४४४६.

आपल्याकडे दारू सोडायची जुनी रीत म्हणजे माळ घालणं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा अशी माळ घातलेली माणसं दिंडीत दिसतात. माळेसोबत दिंडी आणि भजनी मंडळ मिळालं की संध्याकाळ भरलेली राहते. एए आणि माळ यांत भांडण नाही. एएमध्ये ईश्वर ज्याला जसा समजेल तसा. न मानणाराही बसतो.

या सगळ्याचा उपयोग होतो का? २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं होती. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याशी जोडून देणारे शिस्तबद्ध उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. तरीही पाय घसरतो. त्याला सभासद ‘स्लिप’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. कुणी हाकलत नाही.

आणि नवरा यायलाच तयार नसेल तर बायकोने वाट बघू नये. बिलची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये अल-अनॉन उभं केलं ते घरच्यांसाठीच. मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. पगार कुठे लपवायचा, मुलांना काय सांगायचं, तो पिऊन आल्यावर वाद का घालू नये, हे तिथे त्याच घरांतून आलेल्या बायका सांगतात. तिथे जायला नवऱ्याची परवानगी लागत नाही.