घर घेण्यापूर्वी वस्ती पाहावी

दुकानाची जागा घेताना व्यापारी रस्ता पाहतो, शेजारची दुकाने पाहतो, कोणत्या वेळी कोणते गिऱ्हाईक येते तेही पाहतो. तोच गृहस्थ राहते घर घेताना मात्र खोल्यांची संख्या आणि दर यांपलीकडे क्वचितच जातो. घराच्या भिंती मागाहून बदलता येतात. वस्ती बदलता येत नाही. हैदराबादसारख्या विस्तारलेल्या नगरात तर हा विचार अगत्याचा आहे.

आपल्या समाजाची पहिली कसोटी सूर्यास्ताची. मार्गशीर्षात हैदराबादेस पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुकान बेगम बाजारात आणि घर शहराच्या टोकाला असले, तर चौविहार पाळणाऱ्यास एक तर दुकान लवकर बंद करावे लागते, नाही तर गादीवरच डबा उघडावा लागतो. पहिल्याने धंद्याची हानी होते, दुसऱ्याने घरची पंगत मोडते. २०२० साली सुलतान बाजारावरून मेट्रो धावू लागल्यापासून नारायणगुडा, चिक्कडपल्ली येथून बाजारात ये-जा करणे सोयीचे झाले आहे. तेथे दर अधिक पडला, तरी रोज वाचणारा वेळही जमेस धरावा.

दुसरी कसोटी पायांची. मंदिर वा स्थानक पायी गाठता आले, तर वृद्ध मातापित्यांचे नित्य दर्शन कोणाच्या मोटारीवर अवलंबून राहत नाही. पादविहारी साधुसाध्वींना गोचरी वहोरावण्याचा लाभही अशाच घरास मिळतो.

तिसरी कसोटी पाण्याची. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने याच शहरात सहस्रावधी माणसे गेली. पुढे १९२० त उस्मानसागर व १९२७ त हिमायतसागर पूर्ण झाले. तथापि ऑक्टोबर २०२० मध्ये तलाव फुटून अनेक वसाहती जलमय झाल्याच. म्हणून तलावाची पूर्ण जलमर्यादा कोठवर येते, हे सरकारी नकाशात पाहून घ्यावे. भर पावसात एकदा त्या गल्लीतून चालावे आणि तेथील जुन्या किराणा दुकानदारास, पाणी किती पायऱ्या चढले होते, ते विचारावे. दलाल जे सांगणार नाही, ते तो सांगेल.

खरेदीखत वकील तपासील, बांधकाम अभियंता तपासील. परंतु त्या वस्तीत आपल्या घरची रीत टिकेल की नाही, हे कुटुंबानेच एकत्र बसून ठरवावयाचे असते. त्या बैठकीत वृद्धांना व गृहिणींना आधी बोलू द्यावे. कारण दिवसाचे बहुतेक तास त्या वस्तीत त्यांनाच काढावयाचे आहेत.