सपाट कागदावरची पृथ्वी

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड बहुधा आफ्रिका खंडाच्या तोडीचे दिसते. वस्तुतः त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताहूनही कमी असून आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदा पट आहे. हा दोष नकाशा काढणाऱ्याच्या बेफिकिरीचा नव्हे, तो भूमितीचा आहे.

उत्तर ध्रुवावर परस्परांशी काटकोन करणारी दोन रेखावृत्ते विषुववृत्तापर्यंत आणली, तर जो त्रिकोण होतो त्याचे तिन्ही कोन काटकोनच असतात आणि त्यांची बेरीज २७० अंश भरते. कागदावरच्या त्रिकोणाला मात्र १८० अंशांची मर्यादा ओलांडण्याची मुभाच नाही. पृष्ठभागावरील अंतरे कायम ठेवून त्याची वक्रता बदलता येत नाही, हे जर्मन गणिती गाउस याने १८२७ साली सिद्ध केले, तेव्हा निर्दोष नकाशाची आशा कायमची संपली. तलाठ्याच्या दप्तरातील गावच्या नकाशात ही तफावत जाणवत नाही, कारण एवढ्याशा रकब्यात पृथ्वीचा बाक नगण्य असतो. अवघे जग एका कागदावर मांडू जाताच तो आपला हक्क वसूल करतो.

मग नकाशाकाराच्या हाती उरते ती एवढीच निवड, की काय राखावयाचे आणि कशाचा बळी द्यावयाचा. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली दर्यावर्दींसाठी केलेल्या नकाशात दिशा राखल्या, आणि होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग त्यावर सरळ रेषेने दाखविता येऊ लागला. त्याची किंमत मात्र जबर होती. साठ अंशांवरील अक्षवृत्ताची लांबी विषुववृत्ताच्या निम्मी असताना नकाशात ती दोन्ही सारखीच आखावी लागली. आडवे अंतर असे दुप्पट ताणले गेल्यावर आकृती बिघडू नये म्हणून उभे अंतरही दुप्पट ताणणे क्रमप्राप्त झाले, आणि तेथील प्रदेश चौपट फुगला. ध्रुवांपाशी तर हा ताण अनंत होत असल्याने ते या नकाशात येऊच शकत नाहीत.

याच नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान व उत्तर आफ्रिका ओलांडून अटलांटिकवर जाते. पृथ्वीगोलावर त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो युरोपच्या उत्तरेकडून आइसलंडला स्पर्श करीत जातो, आणि खरा जवळचा मार्ग तोच होय.

जर्मनीतील आर्नो पीटर्स याने १९७३ साली क्षेत्रफळे यथाप्रमाण राखणारा नकाशा पुढे करून मर्केटरच्या नकाशावर श्रीमंत राष्ट्रांच्या पक्षपाताचा आरोप ठेवला. परंतु त्याच्या नकाशात आफ्रिका उभी लांबट झाली, म्हणजे एक तक्रार मिटली आणि दुसरी दाखल झाली. म्हणून नकाशा खरा की खोटा, हा वाद व्यर्थ होय. जहाजाला मर्केटर योग्य, देशांची तुलना करावयास समक्षेत्र नकाशा योग्य. आणि ज्या वर्गात भूगोल शिकविला जातो, त्या वर्गात भिंतीवरील नकाशाशेजारी एक पृथ्वीगोल असलाच पाहिजे.