जादू आणि पडदा (४) : हुडिनीचे पंच

गेल्या आठवड्यात मेलिएस पाहिला. पॅरिसमधलं जादूचं थिएटर चालवणाऱ्या या माणसाने कॅमेऱ्यालाच जादूचं सामान मानलं, म्हणून त्याचं निभावलं. सुटकेचे खेळ करणाऱ्या हॅरी हुडिनीचं गणित वेगळं होतं आणि ते शेवटपर्यंत जमलं नाही.

त्याचा रंगमंचावरचा खेळ आठवा. प्रेक्षकांतले काही जण वर यायचे, बेड्या ओढून, कुलपं हलवून बघायचे. मग हुडिनी कनातीआड जायचा आणि बँड वाजत राहायचा. सुटका कुणालाच दिसत नसे! १९०४ मध्ये लंडनच्या हिप्पोड्रोममध्ये ‘डेली मिरर’ने आणलेली खास बेडी काढायला त्याला तासाहून जास्त वेळ लागला आणि तेवढा वेळ हजारो माणसं त्या कनातीकडे डोळे लावून बसली. लोक पैसे मोजत ते या ताटकळण्याचे, आणि विश्वास ठेवत तो वर गेलेल्या पंचांवर.

सिनेमात ताटकळणंही गेलं आणि पंचही. १९१८ मध्ये चित्रित झालेल्या ‘द मास्टर मिस्टरी’ या १५ भागांच्या मालिकेत खलनायक त्याला दर भागात नव्याने अडकवतात (सोबत एक डबड्यासारखा यंत्रमानवही आहे, आज पाहताना हसू आवरत नाही). एका प्रसंगात हातांनी टांगलेला हुडिनी पायांनी पहारेकऱ्याची मान आवळतो आणि पायाच्याच बोटांनी किल्ली काढतो. बोटांचं ते कसब खरं होतं. पण कापाकापीला सरावलेल्या प्रेक्षकाने दाद कुणाला द्यायची, जादूगाराला की कात्रीला?

‘द ग्रिम गेम’मध्ये (१९१९) तर कमालच झाली. एका विमानातून दोराने लोंबकळत खालच्या विमानात उतरायचं, असा प्रसंग होता. चित्रण चालू असताना दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि अडकली. तिसऱ्या विमानातला दिग्दर्शक अर्विन विलाट कॅमेरा फिरवतच राहिला. दोन्ही विमानं कशीबशी जमिनीवर उतरली, जीव कुणाचाच गेला नाही. मग गोष्टच बदलून ही टक्कर तिच्यात बसवली. ती खोटी असल्याचं सिद्ध करणाऱ्याला हजार डॉलर, अशी जाहिरातही झाली. टक्कर अस्सलच होती. नक्कल होती ती दोरावरच्या माणसाची: तिथे रॉबर्ट केनेडी नावाचा माणूस लोंबकळत होता. हुडिनी जमिनीवर होता, आणि तरी दोरावर आपणच होतो असं सांगत राहिला. आयुष्यभर ‘तपासून पाहा’ म्हणणाऱ्या माणसाने असं करावं, हे मला त्याच्या पडेल चित्रपटांपेक्षा जास्त खटकतं.

त्याच वर्षी आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आला. फाळकेही ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करत, पण त्यांच्या कृष्णाकडे पंच कुणी मागितले नाहीत. त्यांच्याविषयी पुढच्या लेखात.

१९२१ मध्ये हुडिनीने स्वतःची चित्रसंस्था काढली. ‘द मॅन फ्रॉम बियाँड’मध्ये (१९२२) शंभर वर्षं बर्फात गोठलेला माणूस जिवंत होतो आणि शेवटी नायगाराच्या लोंढ्यातून नायिकेला वाचवतो. तेवढा प्रसंग आजही बघावा असा आहे. बाकी प्रेमप्रसंगांत तो पार अवघडलेला दिसतो. पुढचा ‘हॅल्डेन ऑफ द सीक्रेट सर्व्हिस’ (१९२३) त्याने दिग्दर्शितही केला, आणि तो साफ पडला. त्याच्या फिल्म धुण्याच्या कारखान्यातही पैसे बुडालेच होते. त्यानंतर त्याने एकही चित्रपट केला नाही.