कुंभाराच्या आचेचा हिशेब

कारखान्यांच्या दारांत सभा घेण्यात आमची हयात गेली. राजांच्या सनावळ्यांपेक्षा आम्हांला कुंभाराच्या भट्टीचे कुतूहल अधिक. घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेथे ताम्रपाषाणयुगातील तशी वर्तुळाकार भट्टीच सापडली. तेथले जोर्वे पद्धतीचे खापर वाजवले तर खणकन बोलते, म्हणजे आच कडक होती. अंग तांबडे, म्हणजे भट्टीत हवा खेळती होती. ती कोंडली असती तर मातीतले लोह काळवंडले असते. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मातीत मिसळलेले कणही ओळखू येतात. वयाची साक्ष मात्र शेजारचा कोळसा देतो. त्यातला किरणोत्सर्गी कार्बन सुमारे ५७३० वर्षांनी निम्मा होतो. त्यावरून वस्तीचा आरंभ सुमारे ३६०० वर्षांपूर्वीचा ठरतो. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत, तान्ही मुले पुरलेली होती. आमच्या मते सर्वांत बोलकी भांडी तीच.